पांघरुणाचा काठ

तांबड्या पट्ट्याला पडलेला तो बाक बेलेसुनूने आधी पाहिला, आणि त्या पट्ट्याखाली एका परक्या माणसाची पाठ आहे हे तिच्या ध्यानात मागाहून आले. धक्क्यावर रोजचीच गर्दी होती. समुद्रापलीकडच्या दिलमुनची गलबते लागली की अर्धे उर शहर नदीकडे तोंड करून उभे राहते, आणि बेलेसुनूची वाट नेमकी त्या गर्दीच्या कडेने जाते. निन्गलदेवीच्या पायरीवर मूठभर जवाचे पीठ ठेवायचे, चिमण्यांनी ते टिपेपर्यंत थांबायचे आणि मगच घरी जाऊन तोंडात पाण्याचा घोट घ्यायचा, हा तिचा नेम मुलगा समुद्रावर गेल्यापासूनचा. आज चिमण्या लवकर आल्या होत्या. त्याचे तिला बरे वाटले होते. ते बरे वाटणे अजून अंगात असतानाच तो बाक दिसला. तपकिरी लोकरीचे जाड पांघरूण, त्यात मंजिष्ठेत रंगवलेला बोटभर रुंदीचा पट्टा, आणि तो पट्टा मध्येच, दोरी सैल सोडावी तसा खाली झुकून पुन्हा सरळ गेलेला. माणूस तांब्याचे गोळे खांद्यावरून उतरवत होता. तो वाकला की बाक पसरायचा, ताठ झाला की मिटायचा. जणू ते पांघरूण श्वास घेत होते.

तो बाक रिशातुमचा. सून म्हणून ती या घरात आली त्या हिवाळ्यात बेलेसुनू मागावर हे पांघरूण विणत होती, विकण्यासाठी नव्हे, मुलाने, इप्कूशाने अंगावर घ्यावे म्हणून. पोरीला जवळ बसवून घेतले, धोटा तिच्या हातात दिला, आणि शेजारीण आली म्हणून क्षणभर दाराशी गेली, तेवढ्यात रेघ ढळली. "उकलते मी तेवढं," बेलेसुनू म्हणाली होती. इप्कूशा उंबऱ्यावर बसून कांदा खात होता. "राहू दे गं आई," तो म्हणाला, "दिलमुनच्या बाजारात आपल्याकडची पांघरुणं ढिगाने पडलेली असतात. माझं कोणतं ते मला कळायला नको?" रिशातुम नवीच, तरी मान वर न करता बोलली, "म्हणजे माझ्या चुकीवरून ओळखणार होय?" "मग कशावरून? सरळ रेघ तर सगळ्यांचीच असते." दोघेही हसले होते. बेलेसुनूला ते हसणे तेव्हा थोडे टोचले होते, हे तिला आज, धक्क्यावर, लख्ख आठवले. आपल्या हातचे वस्त्र, आणि त्यातली आपली नसलेली तेवढीच एक वीत त्याला आवडली.

पुढे व्हावे, त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवावा, एवढेच करायचे होते. ती हलली नाही. त्याने पांघरुणाची खालची बाजू कमरेत खोचली होती आणि काठ दिसत नव्हता. काठ दिसत नव्हता म्हणूनच तिला उभे राहता आले. उरमध्ये माणूस म्हणजे त्याच्या वस्त्राचा काठ. ज्याच्याजवळ मुद्रा नाही तो ओल्या मातीवर आपला काठ दाबतो आणि तो त्याचा शब्द होतो. नवरा बायकोला मोकळी करतो तो तिच्या वस्त्राचा काठ कापून. मग दोघांना पुन्हा काही विचारायचे उरत नाही. आणि अंगावरचे वस्त्र विकायची पाळी आली तर उरचा माणूस, उपाशी असला तरी, आधी काठ कापून कमरेला बांधतो आणि मग उरलेले कापड देतो. काठासकट कोणी देत नाही. काठासकट वस्त्र अंगावरून निघते ते माणूस मेल्यावर, किंवा त्याचा हात उचलत नसताना. तेव्हा त्या खोचलेल्या घडीत सगळे होते. काठ कापलेला असेल तर इप्कूशाने स्वतः, शुद्धीवर, काही मोबदला घेऊन ते दिले. काठ शाबूत असेल तर. तिने पुढचे वाक्य मनातही पुरे केले नाही. ती घराकडे वळली. चालताना तिच्या लक्षात आले की आपण पावले हलकी टाकतो आहोत, झोपलेल्या मुलाजवळून जावे तशी.

घरी जात्याचा आवाज चालू होता, आणि ओट्यावर पुझूरभावजी पाय पसरून बसले होते. नवऱ्याचा हा धाकटा भाऊ अमावास्येला न चुकता येतो, कारण अमावास्येला या घरात पाणी घालायचे असते. ज्या शहराचा देवच चंद्र, त्या शहरात चंद्र नसलेला दिवस जड जातो. आतल्या खोलीच्या जमिनीखाली घरची माणसे निजलेली आहेत; जमिनीत एक मातीची नळी उभी पुरलेली आहे; तिन्हीसांजेला नावे घेऊन त्या नळीत गार पाणी ओतायचे. सासऱ्याचे नाव, सासूचे, नवऱ्याचे, आणि वर्षाचीही न होता गेलेल्या लेकीचे. त्यानंतर बेलेसुनू थांबते. दर अमावास्येला थांबते, पुझूर दर अमावास्येला खाकरतात, आणि घागरीतले उरलेले पाणी जपून ती अंगणातल्या खजुराच्या रोपाला घालते.

"काय वहिनी, आज उशीर? चिमण्यांचं पोट बिघडलंय की काय?"

"नाही भावजी. लवकर आल्या होत्या."

"दिलमुनची गलबतं आलीत म्हणे."

"हो."

"त्यात..."

"नाही."

जाते थांबले नव्हते. फक्त 'त्यात' या शब्दापाशी दाणा संपल्यासारखे पोकळ फिरले, एक घेर, आणि पुन्हा भरले. बेलेसुनूला सुनेचा चेहरा न पाहता सून कळायची. पुझूर आवाज खाली घेऊन म्हणाले, "तो डांबरवाला पुन्हा आला होता माझ्याकडे. होड्यांना डांबर लावतो तो, विधुर. हात काळे असले तरी माणूस उजळ आहे, वहिनी. पोरीला उपाशी ठेवणार नाही. पण तो तरी किती थांबेल? आणि ही तरी?" मग आणखी खाली, "आज नाव घ्या. इतके वारे आले नि गेले. गेलेला माणूस परतीच्या वाऱ्याला येतो, नाही आला तर पुढच्याला. याला किती वारे द्यायचे?"

"आणि तो जिवंत असला तर, भावजी?"

"आणि नसला तर?"

पुझूर दुष्ट नव्हते. जिवंत माणसाचे नाव त्या नळीशी घेतले तर खालची माणसे त्याला आपला समजून हाक मारतात, आणि ती हाक समुद्रापलीकडेही पोचते. मेलेल्याचे नाव घेतले नाही तर तो वाटेवरचे डबके पितो, परक्यांच्या उंबऱ्याशी सांडलेले चाटतो. आपला मुलगा यातले काय करत असेल? बेलेसुनू आत येऊन भिंतीला टेकली. पाणी प्यायचे राहिले होते. तिने रांजणाकडे पाहिले आणि प्याली नाही. तो तहानलेला असेल तर, हा विचार तिच्या घशात नेहमी आधी यायचा, डोक्यात नंतर. पण त्या विचाराच्या पाठीमागे आज आणखी एक विचार उभा होता, धक्क्यावरच्या पाठीसारखा. नाव घेतले की रिशातुम विधवा होईल, विधवा झाली की मोकळी होईल, आणि संध्याकाळी या घरात दुसऱ्या माणसाच्या चालण्याचा आवाज राहणार नाही. मुलासाठी थांबते आहे असे ती देवीला सांगायची. देवी ऐकून घ्यायची. देवीने कधी विचारले नाही, की पीठ कोण दळते.

गळ्यातल्या लाल मण्यांवरून तिची बोटे फिरत होती. पहिल्या सफरीहून इप्कूशाने हे आणले. लांबट, गोट्यांपेक्षा गुळगुळीत, उन्हात धरले तर आत विस्तव असल्यासारखे. मेलुहाचे दगड. दिलमुनच्याही पलीकडे, जिथे उरचे कोणी गेले नाही आणि जिथली माणसे काय बोलतात ते दुभाष्यालाही धड सांगता येत नाही, तिथे कोणीतरी बसून या एवढ्या लांब दगडाला आरपार भोक पाडते. कितीदा तिने तो माणूस डोळ्यांपुढे आणला होता. तिला वाटायचे ती बाई असावी. भोक पाडताना तिला माहीत नसते की दगड कोणाच्या गळ्यात जाणार, आणि विणताना आपल्यालाही माहीत नसते की लोकर कोणाच्या पाठीवर. मधल्या सगळ्या माणसांना फक्त पुढच्याचे तोंड ठाऊक. आपल्याकडे आहे काय? चिखल, जव, मेंढ्या. दगड नाही, लाकूड नाही, तांबे नाही. म्हणून इथली पोरे चिखल सोडून जातात आणि जे इथे नाही ते आणतात, आणि कधी कधी जे इथे होते तेही तिकडेच राहते. मुलगा देऊन मणी घेतले, असे तिच्या मनात आले, आणि इतका स्पष्ट शब्द मनात आल्याबद्दल तिने देवीची क्षमा मागितली.

ऊन कलल्यावर तिने भाकरीत कांदा गुंडाळला. "येते जरा," एवढेच म्हणाली. रिशातुमने विचारले नाही कुठे. ती पोर कधीच विचारत नसे. आणि ते शहाणपण नसून थकवा आहे हे बेलेसुनूला आज दिसले.

तो माणूस चटईच्या सावलीत बसून सुका मासा चावत होता. दात पांढरेशुभ्र, कानांच्या पाळ्या मिठाने चिरलेल्या. नाव यगली, दिलमुनचाच. उरची बोली त्याला येत होती, पण तो ती वल्ही मारल्यासारखी बोलत होता. भाकरी पाहून त्याने भुवया उंचावल्या.

"काय मावशी, मला जावई करायचंय का?"

"मुली नाहीत मला. खा. दमला असशील."

"इथली बाई फुकट काही देत नाही म्हणतात."

"तुझं पांघरूण पाहायचंय."

"घ्या! म्हटलं नव्हतं मी?" पण त्याने ते पाठीवरून काढून तिच्या मांडीवर टाकले. ते कढत होते, त्याच्या घामाच्या, माशाच्या, डांबराच्या वासाचे. वास इप्कूशाचा नव्हता. तरी वजन तेच होते, मागावरून उतरवताना हातांना कळलेले. तिने बाकावरून अंगठा फिरवला. मग डोळे मिटून घडी उलगडली, आणि काठ जिथे असायचा तिथे बोटे नेली. काठ नव्हता. धार सरळ, सुरीने कापलेली. तिच्या छातीत काहीतरी इतके मोठे झाले की तिला बसल्या जागी जमीन धरावी लागली. कापला. त्याने कापला. बसून, शुद्धीत, आपल्या हाताने, कमरेला बांधला, विकले आणि गेला. कुठे का असेना. तिला हसू यायला लागले, तोंडावर पदर घेऊन ती हसली, आणि गलबते, गाढवे, आरडाओरडा करणारे हमाल, सगळे तिला आपल्या घरातले वाटले.

"कुणाकडून घेतलंस हे, बाबा?"

"चोरलं नाही. मगनचा एक तांबेवाला होता, त्याने दिलं. खजुराच्या दोन टोपल्या घेतल्या, आणि वर शिव्या दिल्या त्या फुकट."

"आणि त्याला कुणी दिलं? उंच असेल. डाव्या भुवईत व्रण."

"ते त्याला विचारायचं, मावशी, आणि तो गेला परत मगनला. बाजारात आई-बाप विचारतो का कुणी कापडाचे?"

"असू दे. काठ कापलाय ना, मग झालं."

"तो होय? तो मी कापला."

तिने कापलेली धार पुन्हा चाचपली.

"अहो दोऱ्या केवढ्या लोंबत होत्या! शिडाच्या दोरात अडकायच्या. एकदा बोटच जायचं माझं." त्याने बोट दाखवले. तिने बोटाकडे पाहिले. "तुमची माणसं काठ विणतात का मासे धरायचं जाळं?"

"म्हणजे तुझ्याकडे आलं तेव्हा... सगळा होता?"

"सगळा. चहूकडून. का हो? अपशकुन असतो का काही?"

तिने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, त्याला कळले नसावे. जमीन तिने अजून धरलेली होती. सगळा होता. मग तापात पडला असताना कोणी ओढून घेतले असेल. बुडलेल्याच्या अंगावरून काढले असेल. किंवा, आणि हे सगळ्यांत शेवटी, चोरपावलांनी आले, त्याने स्वतःच दिले असेल, काठासकट, न कापता. तिकडे एखादे घर केले असेल, जिथे काठाला कोणी विचारत नाही, आणि एके दिवशी त्यालाही काठाचे काही वाटेनासे झाले असेल. तिघे इप्कूशा तिच्यापुढे उभे राहिले आणि एकानेही तिला हाक मारली नाही. काठ बोलतो, यावर तिचे आयुष्य उभे होते. आणि इथे एका भल्या माणसाने शिडात गुंततो म्हणून त्याची जीभ कापली होती. त्याचा काय दोष? तिला त्याचा राग येईना, हेच तिला सर्वांत जड गेले.

"दोरा मात्र टाकवेना," यगली म्हणाला. तिचा चेहरा पाहून तो बावरला होता आणि काहीतरी बोलायचे म्हणून बोलत होता. "चांगला पिळाचा आहे. ही पाहा, वेणी घातली." त्याने गळ्यातून एक चामडी पिशवी ओढून काढली. पिशवीत मोती होते, ज्यांना उरमध्ये माशाचे डोळे म्हणतात. पिशवी बांधली होती ती दोरी तपकिरी आणि तांबडी, काठाच्या दोऱ्यांची, समुद्राच्या पाण्याने कडक झालेली.

बेलेसुनूने मान वाकवून गळ्यातले मणी काढले आणि त्याच्या हातावर ठेवले. "ती दोरी दे."

"माशाचे डोळे?"

"नाही. दोरी."

तो मण्यांकडे बघत राहिला, मग आजूबाजूला, कोणी फसवायला उभे आहे की काय. "मावशी, ऊन लागलं का तुम्हाला? मेलुहाचा माल आहे हा. यात मला असली पांघरुणं गलबतभर येतील. आणि दोरी म्हणजे..." शब्द न सापडून त्याने चिमूट उडवून दाखवली. "निदान पांघरूण तरी घ्या."

"तू ठेव. समुद्रावर गारठा असतो."

त्याने पिशवी सोडली, मोती मुठीत धरले आणि दोरी दिली. ती उठली तशी तो मागून धावत आला आणि एक अख्खा सुका मासा त्याने तिच्या हातात कोंबला. "घ्याच हा! एवढ्या फरकाने सौदा केला तर आमचा देव मला पुढच्याच खडकावर आपटेल." तिने मासा घेतला. एका हातात मासा, एका हातात दोरी. रस्त्यावर ओळखीच्या बायकांनी तिच्या उघड्या गळ्याकडे पाहिले. तिला गळा हलका वाटत होता, आणि उघडाही.

तिन्हीसांजेला पुझूरांनी दिवा लावून ठेवला होता. रिशातुमने नळीभोवतीची जमीन सारवून घागर भरून ठेवली होती. बेलेसुनू नळीशी बसली आणि म्हणाली, "मागाची सुरी आण गं." रिशातुम घेऊन आली, आणि सासूच्या मनगटावर गुंडाळलेली दोरी तिने पाहिली. ती खाली बसली. तिने दोरीला हात लावला नाही. फक्त जवळून पाहिले, विणणारी बाई पाहते तसे, पीळ उजवा की डावा ते.

"हा रंग आपला आहे," ती म्हणाली.

"हो."

"आई, मग ते...?"

"मला माहीत नाही, बाळ. काठ आला. माणसाचं काही कळलं नाही." मग ती म्हणाली, "भावजी, साक्षीला राहा," आणि डाव्या हाताने तिने रिशातुमच्या वस्त्राचा काठ उचलला.

"वहिनी! हे काय? हे नवऱ्याचं काम."

"नवराच कापतोय. काठ इथे आहे, म्हणजे तो इथे आहे. या शहरात असंच मानतात ना? माझा नुसता हात."

"पण मग नाव? नाव घेतलं तर हे करावंच लागत नाही."

"नाव मी घेणार नाही. त्याला मारायचा अधिकार मला नाही, आणि हिला बांधायचाही."

"मी मागितलं नव्हतं, आई," रिशातुम पुटपुटली.

"माहीत आहे. तू काहीच मागितलं नाहीस. तेच तर."

सुरी जुनी होती, दोन-तीनदा ओढावी लागली. लोकर तुटण्याचा आवाज फार लहान असतो. तो आवाज झाला तेव्हा रिशातुमच्या चेहऱ्यावर आधी काय आले ते बेलेसुनूने पाहिले. रडू नंतर आले. आधी, झाकायला वेळ मिळण्याआधी, तिथे एक मोकळा श्वास होता. त्या श्वासाने बेलेसुनूच्या आत काहीतरी कुरतडले, पूर्वी त्या हसण्याने टोचले होते तसेच. तिने ते टोचू दिले. मग कापलेला काठ घडी करून तिने सुनेच्या हातात दिला आणि तिची मूठ मिटली. पुझूर डोळे पुसत म्हणाले, "तो मासा कसला ओ तिथे कोपऱ्यात?"

तिने घागर उचलली. सासऱ्याचे नाव, आणि पाणी. सासूचे. नवऱ्याचे. मग लेकीचे, जे उच्चारायला लहान आहे आणि नेहमी जड जाते. ती थांबली. पुझूर खाकरले नाहीत. घागरीत पाणी उरले होते; दर वेळी ते खजुराच्या रोपाला जाई. मनगटावरची दोरी ओली झाली होती आणि ओली होताच तिच्यातून समुद्राचा वास यायला लागला होता. दिव्यात तिची बोटे काळी दिसत होती. तिने घागर पुन्हा नळीकडे कलती केली.

"आणि ज्याला तहान लागली असेल," ती म्हणाली, "त्याला."

पाणी गेले. नळी खोल आहे. पाणी तळाला लागल्याचा आवाज यायला नेहमीच क्षणभर लागतो. तो येईपर्यंत तिघेही श्वास धरून होते. तो आला की नाही ते बेलेसुनूला कळले नाही, कारण तेवढ्यात रिशातुमने तिच्या हातातून घागर घेतली, कान लावून हलवली, आत अजून काही आहेसे वाटले म्हणून ती पूर्ण पालथी केली, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच धरून ठेवली.